पोह्यांचे स्थळ

खाडीकाठच्या एका गावात पोह्यांची एक गिरणी होती आणि त्या गिरणीला भालचंद्र मोकल नावाचा एक मालक होता. गिरणी जुनी, मालक पन्नाशीचा. दोघेही सकाळी सहाला सुरू व्हायचे आणि दोघांनाही सुरू होताना थोडे खाकरावे लागायचे.

भालचंद्रला गावात दोन गोष्टींसाठी मान होता. एक, पोहे. दोन, पोह्यांचे कार्यक्रम. त्याला चार धाकट्या बहिणी. त्याचे स्वतःचे लग्न झाल्यावर दोनच वर्षांत वडील गेले, त्यामुळे चौघींची लग्ने त्यानेच जमवली. चार बहिणी म्हणजे चार कार्यक्रम, असे ज्याला वाटत असेल त्याने कधी लग्न जमवलेले नाही. एकट्या तिसरीलाच एकोणीस स्थळे पाहून गेली. चौघींचे मिळून त्रेपन्न वेळा भालचंद्रच्या ओटीवर सतरंजी पसरली गेली, त्रेपन्न वेळा कांदेपोहे झाले आणि त्रेपन्न वेळा त्याने पाहुण्यांना विचारले, "प्रवास कसा झाला?"

एवढ्या अनुभवाने तो या विषयातला पंडित झाला होता. पाहुणा चमचा कसा उचलतो यावरून तो निकाल सांगायचा. लिंबू पिळून घेणारा पुन्हा येतो. खोबरे बाजूला सारणारा येत नाही. आणि जो जाताना चपला घालत घालत हसून "कळवतो" म्हणतो, त्याचे नाव तर स्थळांच्या वहीतून तिथल्या तिथे खोडायचे.

'कळवतो' या शब्दाने त्याला फार छळले होते. तिसरीच्या वेळी एका चांगल्या स्थळाने "कळवतो" म्हटले. महिना गेला. भालचंद्रला राहवेना. त्याने माणूस पाठवून विचारले. उत्तर आले, "एवढी घाई असेल तर दुसरीकडे बघा." निरोप्याने ते ओटीवर सगळ्यांसमोर सांगितले. बहीण दाराआड उभी होती. तिने ऐकले आणि ती मुकाट्याने विहिरीवर पाण्याला गेली. भालचंद्रला इतके लागले, की त्याने त्याच क्षणी ठरवून टाकले, पुन्हा जन्मात कोणाच्या मागे लागायचे नाही. आपण मुलीकडचे. आपण दाखवायचे, खाऊ घालायचे आणि गप्प बसायचे.

पुढे चौघीही आपापल्या घरी सुखाने नांदू लागल्या. हा नियम मात्र भालचंद्रकडे माहेरीच राहिला.

आता गिरणीची अडचण सांगतो. भात भिजवायचा, तापल्या वाळूत भाजायचा आणि लोखंडी चाकाखाली चेपायचा, की झाले पोहे. भालचंद्रच्या गिरणीतले चाक आजोबांच्या वेळचे. त्याला पातळ चेपणे जमत नसे. पोहे निघायचे जाड, कडेला किंचित तांबूस, आणि भिजायला चांगला पाव तास घेणारे. शहरातून येणारे पांढरे पोहे नुसते पाणी दाखवले तरी मऊ पडायचे. लोकांना सकाळी घाई असते. आसपासच्या दुकानदारांनी एकेक करून भालचंद्रचे पोहे ठेवणे बंद केले. गिरणी आठवड्यातून तीनच दिवस फिरू लागली.

गिरणीत पोहे पाखडायला सात बायका येत. श्रावण संपला तेव्हा भालचंद्रने त्यांना बसवून सांगितले, "दिवाळीपर्यंत नवं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर चाक भंगारात जाईल. आधी सांगितलेलं बरं." सातजणींनी ऐकून घेतले. फक्त त्या दिवशी सुपे जरा जोरात वाजत राहिली.

अशात तालुक्याच्या लघुउद्योजक संघाला शहरातल्या एका मोठ्या प्रदर्शनात जागा मिळाली. खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांचे प्रदर्शन, तीन दिवसांचे. संघाने भालचंद्रचे नाव घातले.

त्याची बायको द्वारका हरखली. "तिथं मोठे घेणारे येतात म्हणे. हॉटेलवाले, दुकानवाले. फक्त बघायला येतात सगळे."

"बघायला येतात?" भालचंद्र म्हणाला. त्याचे डोळे चमकले. "मग तू काळजीच करू नकोस. बघायचा कार्यक्रम आहे ना? तो माझ्यावर सोड."

द्वारकेने हे ऐकून काळजी करायला हवी होती. पण तिला बांधाबांध करायची होती.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दोनशे स्टॉल होते. कोणी यंत्रे मांडली होती, कोणी मसाले, कोणी बरण्या. शेजारचा स्टॉल रफिक तांबोळींचा होता. ते विजेवर हलणाऱ्या चाळण्या विकत. ते स्टॉलमध्ये कधी बसतच नसत. मधल्या वाटेत उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत, "साहेब, तुम्ही काय चाळता?" या प्रश्नाने माणूस दचकून थांबायचा आणि मग सांगू लागायचा.

भालचंद्रने आपल्या स्टॉलमध्ये सतरंजी अंथरली. चार खुर्च्या मांडल्या. मधोमध चौरंग ठेवला, त्यावर पोह्यांचे पोते ठेवले आणि पोत्यावर भरतकामाची शाल पांघरली. पोत्यावर छापलेला गिरणीचा पत्ता शालीखाली गेला. दाराला झेंडूचे भरगच्च तोरण लावले. आयोजकांनी वर नावाची पाटी लावली होती, ती तोरणामागे गेली. स्वतः इस्त्रीचा सदरा घालून तो कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसला. नजर खाली.

"अहो, तुम्ही बाहेर उभे राहा की," द्वारका म्हणाली. "हाक मारा माणसांना."

"मुलीकडचे रस्त्यावर उभे राहून हाका मारतात काय? येतील त्यांचे ते."

"आणि कार्डं नाही छापली? सगळे कार्ड देतायत बघा."

"आपला पत्ता आपण वाटत फिरायचा नसतो. चौकशी करणारा करतो."

हॉलमध्ये सकाळी दहानंतर शेगडी पेटवायला मनाई होती. त्यामुळे द्वारका नऊला मोठे पातेले भरून कांदेपोहे करून ठेवी आणि दिवसभर तेच वाढी. भालचंद्रला याची फार लाज वाटे. पाहुण्यांना गार पोहे द्यायचे म्हणजे काय! पण नियमापुढे त्याचे काही चालेना.

तोरण पाहून लोक आत डोकावू लागले. पहिला आला तो एक फरसाणवाला.

"या, बसा," भालचंद्र उठून म्हणाला. "प्रवास कसा झाला?"

"इथलाच आहे मी. दोन चौक पलीकडे दुकान आहे."

"असं का. मूळ गाव कुठलं?"

फरसाणवाल्याने मूळ गाव सांगितले. भालचंद्रने त्या गावातले तीन मोकल सांगितले. त्यातला एकही त्याला माहीत नव्हता. मग द्वारकेने बशी दिली. भालचंद्र चमच्याकडे बघत राहिला.

"पोहे जरा जाड दिसतात," फरसाणवाला म्हणाला.

"अंगापिंडाने भरलेले आहेत. लहानपणापासून."

"तळले की फुलतात का?"

"स्वभावाने शांत आहेत."

फरसाणवाल्याने भालचंद्रकडे नीट बघितले. "पाणी किती पितात?"

"त्यांच्या तशा काही फार अपेक्षा नाहीत."

फरसाणवाल्याने बशी खाली ठेवली, आपले कार्ड दिले आणि "बघतो, कळवतो" म्हणून तो गेला. भालचंद्रने वही उघडली, कार्डावरचे नाव तीत उतरवले आणि त्यावर रेघ मारली. मग कार्ड पितळी डब्यात टाकून झाकण लावले.

दिवसभर हेच चालले. बेकरीवाला येऊन गेला. दोन किराणावाले येऊन गेले. चिवडा करणाऱ्या एका बचतगटाच्या बायका आल्या, त्यांना भालचंद्रने प्रत्येकीचे माहेर विचारले. कोणी नमुन्याला वाटीभर कच्चे पोहे मागितले, की तो हात जोडून म्हणायचा, "ठरल्याशिवाय पाठवत नाही आमच्यात." ऐकणारा मान डोलवायचा, "कळवतो" म्हणायचा आणि बाहेर पडल्यावर आपण नक्की कुठल्या स्टॉलवर गेलो होतो हे वर बघून शोधायचा. वर झेंडू असायचा.

दुपारी चारच्या सुमारास शकुंतला घोडके नावाच्या एक बाई आल्या. खांद्याला जाड पट्ट्याची पिशवी, हातात पेन, चेहऱ्यावर दिवसभराचा शीण. भालचंद्रने प्रवासाची चौकशी केली. त्यांनी "बरा झाला" म्हटले, पोहे घेतले, एक घास खाल्ला आणि थांबल्या. दुसरा घास चिमटीत धरून मोकळा करून पाहिला.

"हे केव्हा केलेत?" त्यांनी विचारले.

भालचंद्रच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाहुण्यांना सकाळचे वाढले, हे तोंडाने कसे सांगायचे?

"आत्ताच," तो म्हणाला. "ताजे आहेत."

"गार लागतायत."

"पंख्यामुळे. पाचच मिनिटांपूर्वी उतरवले."

पातेल्याशी बसलेली द्वारका नवऱ्याकडे बघतच राहिली. शकुंतलाबाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर आलेली उत्सुकता मावळली. "असं होय," त्या म्हणाल्या. कार्ड ठेवले. "कळवते."

भालचंद्रने रेघ मारली.

दुसरा दिवस पहिल्यासारखाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वहीत एकसष्ट नावे झाली होती आणि एकसष्टही खोडलेली होती. भालचंद्रचा सदरा अजून कडक होता, पण आतला माणूस पार मऊ पडला होता. त्याला पाखडणाऱ्या सात बायका आठवत होत्या. त्यांना काय सांगायचे ते तो मनात जुळवत होता आणि जुळत नव्हते.

शेजारचे तांबोळी चहाचे दोन पेले घेऊन आले. "काय शेठ, झाली का काही कामं?"

"कसली कामं? एकसष्ट जण कळवतो म्हणून गेले."

"अरे वा! एकसष्ट!" तांबोळी खूष झाले. "माझ्याकडे चाळीसच. उद्यापासून फोन लावायला घ्या मग."

"कुणाला?"

"त्यांनाच की. कळवतो म्हणाला म्हणजे आपण फोन करायचा. तो बिचारा दोनशे स्टॉल फिरतो. घरी जाईपर्यंत त्याला स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ."

"तुमच्यात चालत असेल," भालचंद्र मान ताठ करत म्हणाला. "आमच्यात मुलीकडचे मागे लागत नाहीत."

तांबोळींनी स्टॉलमध्ये सगळीकडे पाहिले. "मुलगी कुठाय?"

भालचंद्रने शालीखालच्या पोत्याकडे पाहिले.

तांबोळी समजूतदार होते. त्यांनी विषय बदलला. "बरं, त्या घोडकेबाईंचं जमलं का तुमच्याकडे? चार कारखान्यांना नाश्ता पुरवतात त्या. पहाटे करायचा, डब्यांत भरायचा, आणि कामगारांची सुट्टी होते दहाला. तोवर पोह्यांचा पार गोळा होतो म्हणे, कापून वाढावे लागतात. कामगार तक्रार करतात. तीन दिवस हॉलभर तेच विचारत फिरतायत बिचाऱ्या, तासन् तास मोकळे राहणारे पोहे कुणाकडे आहेत का."

"तुम्हाला कसं कळलं?"

"विचारलं. तुम्ही काय चाळता म्हणून. चाळत काही नाहीत म्हणाल्या, पण बाकी सगळं सांगितलं."

चहा पिऊन तांबोळी गेले. द्वारका उठली. तिने पातेल्यावरचे झाकण काढले आणि पातेले नवऱ्याच्या नाकासमोर धरले. सकाळी नऊचे पोहे. घड्याळात सव्वाचार. दाणा न् दाणा सुटा होता.

"जा," ती म्हणाली. "त्या बाई अजून असतील. पाचला हॉल बंद होतो."

"द्वारके, त्या कळवते म्हणाल्यात."

"म्हणाल्या ना! तुम्ही खोटं सांगितलंत म्हणून म्हणाल्या. आता खरं सांगा."

"आणि त्या तोंडावर म्हणाल्या, एवढी घाई असेल तर दुसरीकडे बघा, तर?"

द्वारकेने पातेले खाली ठेवले. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिला राग आला होता आणि त्याची दयाही आली होती. दोन्ही एकदम आले, की ती हळू बोलत असे.

"आपल्या वेळी तुमच्या वडिलांनी माझ्या बाबांना काय सांगितलं होतं, ठाऊक आहे?"

"काय?"

"कळवतो."

भालचंद्र वळून बघू लागला.

"दीड महिना गेला. आमच्याकडे सगळे म्हणाले, नाही म्हणायची रीत आहे ती, सोडा नाद. बाबा म्हणाले, नाही असेल तर नाही ऐकून येतो. सायकल काढली आणि तुमच्या दारात गेले. तुमच्या वडिलांनी त्यांना बघून कपाळावर हात मारला. होकाराचं पत्र लिहून तयार होतं. टाकायला म्हणून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आणि तो सदरा दोनदा धुऊन झाला होता."

"मला हे कुणीच सांगितलं नाही."

"नवऱ्या मुलाला कोण सांगतंय? बाबा मागे लागले नसते, तर मी आज दुसऱ्याच कुणाच्या पोह्यांत मीठ घालत असते."

भालचंद्र उठला. त्याने पोत्यावरची शाल काढून खुर्चीवर टाकली, एका डब्यात पातेल्यातले पोहे भरले, पिशवीत दोन किलो कच्चे घेतले, आणि पन्नास वर्षांचा तो माणूस इस्त्रीच्या सदऱ्यात हॉलभर धावत सुटला. मसाल्यांच्या गल्लीत त्याला शिंका आल्या. बरण्यांच्या गल्लीत त्याने एक बरणी पाडली, ती सुदैवाने प्लास्टिकची होती. यंत्रांच्या गल्लीत एकाने त्याचा हात धरून विचारले, "पोळ्या लाटायचं मशीन बघता का?" "कळवतो!" असे ओरडून तो पुढे पळाला.

शकुंतलाबाई फाटकाशी रिक्षात बसत होत्या.

"बाई, थांबा!" भालचंद्र धापा टाकत म्हणाला. "मी खोटं बोललो."

रिक्षावाल्याने इंजिन बंद केले. त्यालाही ऐकायचे होते.

"परवा तुम्ही खाल्लेत ते पोहे सकाळी नऊचे होते. पाहुण्यांना सकाळचं वाढलं हे सांगायची लाज वाटली मला. हेही आज सकाळचेच आहेत. बघा."

शकुंतलाबाईंनी डबा उघडला. बोटांनी पोहे खालपासून वर केले. ते भुरभुर खाली पडले. त्यांनी घड्याळ पाहिले. बोटांवर तास मोजले. मग एक घास खाल्ला.

"पण सगळं सांगतो," भालचंद्र म्हणाला. आता त्याला थांबवणे शक्य नव्हते. "आमचे पोहे जाड आहेत. रंगाने तांबूस आहेत. भिजायला पाव तास घेतात. चिवड्याला चालत नाहीत. चाक जुनं आहे, पातळ चेपत नाही."

"भिजायला पाव तास?"

"पुरता पाव तास."

"आम्ही पहाटे चारला उठतो," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पाव तास आहे आमच्याकडे. नंतरचे चार तास पोहे मोकळे राहत नाहीत, तीच तर रड आहे." त्यांनी दुसरा घास घेतला. "पण अहो, हे परवाच सांगायचं! मी म्हटलं, ताजेच आहेत तर मला काय उपयोग. तरी रात्री वाटलं, कच्चे मागवून घरी करून बघावे. मग म्हटलं, कळवू कुठं? तुम्ही कार्ड दिलं नाही, नाव सांगितलं नाही. काल तुमचा स्टॉल शोधला तर पाटी दिसेना. चौकशीच्या खिडकीवर विचारलं, ते झेंडूवाले कोण? ते म्हणाले, फुलांचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात."

एकसष्ट माणसे कळवतो म्हणून गेली होती. त्यांतल्या एकालाही कुठे कळवायचे ते ठाऊक नव्हते. लग्नात निदान मध्यस्थ तरी असतो.

त्याने शकुंतलाबाईंच्या पेनाने, त्यांच्याच पिशवीवर, आपले नाव, गाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. रिक्षावाल्यानेही एक घास खाऊन बघितला आणि लिंबू हवे होते म्हणाला.

शकुंतलाबाईंनी चार दिवस ते दोन किलो पोहे पहाटे करून दहाला वाढून बघितले. पाचव्या दिवशी भालचंद्रने आपण होऊन फोन केला. "बरं झालं तुम्हीच केलात," पलीकडून आवाज आला. "मी करणारच होते, पण त्या पिशवीत मटार आणले आणि ती धुवायला पडली." चारही कारखान्यांना पोहे हवे होते. दर आठवड्याला, न चुकता.

गिरणी पुन्हा सहा दिवस फिरू लागली. भालचंद्रने बायकांना सांगितले, तेव्हा सातजणी एकदम बोलल्या आणि कोणाचे काहीच ऐकू आले नाही. सगळ्यांत थोरल्या काशीबाई नुसत्या डोळ्यांना पदर लावून हसत होत्या.

मग त्याने पितळी डबा उघडला आणि राहिलेल्या साठ कार्डांवर फोन लावायला बसला. द्वारका शेजारी लसूण सोलत होती. पंचवीस जणांना तो कोण हेच आठवेना, पण पोहे आठवत होते. अकरा जणांनी नमुना मागितला. एका बेकरीवाल्याने, "हो हो, लक्षात आहे, मुलगी काय शिकली आहे?" असे विचारले. त्याची समजूत काढायला बराच वेळ गेला, आणि शेवटी तो थोडा हिरमुसला.

सर्वांत शेवटी त्याने पहिल्या दिवशीच्या त्या फरसाणवाल्याला फोन केला.

"नाही हो," फरसाणवाला सरळ म्हणाला. "आम्हाला पातळच लागतात. तुमचे नाही चालणार."

"बरं," भालचंद्र म्हणाला. "आभारी आहे." त्याने फोन ठेवला आणि तो मोठ्याने हसू लागला. त्याला आपल्या तिसऱ्या बहिणीचे ते सगळे महिने आठवले, दाराशी वाजलेल्या प्रत्येक पावलाला वर बघणारी ती आठवली, आणि एका माणसाच्या उद्धट उत्तरापायी आपण उरलेल्या सगळ्यांना विचारायचे सोडून दिले याचे त्याला वाईट वाटले. तरी हसू थांबेना.

"काय म्हणाले?" द्वारकेने विचारले.

"नाही म्हणाले."

"मग हसताय कशाला?"

"अगं, कळलं म्हणून!"

तात्पर्य: नकाराला भिऊन जो विचारत नाही, त्याच्यापर्यंत होकारही पोचत नाही. प्रदर्शनात माल आहे तसा सांगावा, समोरच्याला काय हवे ते विचारावे, आणि 'कळवतो' म्हणून गेलेल्याला आपण होऊन गाठावे.